बरोबर उत्तरांवरच्या फुल्या

लग्नाच्या बैठकीत मुलीने तोंड उघडायचं नसतं हे मला माहीत होतं. तरी मी उघडलं. विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, पुण्याहून आलेली मंडळी सतरंजीवर बसली होती आणि याद चालली होती. याद म्हणजे कोणत्या बाजूने काय करायचं त्याचा लेखी कागद. कार्यालय कोणी ठरवायचं, पंगती किती, मानपान कोणाकोणाचे, आणि खाली दोन्हीकडच्या सह्या. माझे वडील आठवडी बाजारात कापड विकायचे, चांगले बोलके होते, पण मुलीच्या लग्नात त्यांची जीभ वळेना. समोरचा म्हणेल त्याला मान हलवत होते. ते बघून माझं डोकं तापलं. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "एक कलम माझंही घाला. मला डिप्लोमावर थांबायचं नाही. पुढे इंजिनिअरिंगची डिग्री करायची आहे."

नवरा मुलगा पंख्याकडे बघू लागला. पेन सासऱ्यांच्या हातात होतं. ते पुण्यात गणिताचे शिक्षक होते, अक्षर छापल्यासारखं. त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "मुलीच्या पुढील शिक्षणास आमची हरकत नाही."

"हरकत तर शेजाऱ्यांचीही नाही," मी म्हटलं. "तुम्ही काय करणार ते लिहा."

वडिलांनी कपाळाला हात लावला. सासरे मात्र मोठ्याने हसले. म्हणाले, "अहो, ही मुलगी तुमच्या दुकानावर बसवायला हवी होती." मग त्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली: "गणित मी स्वतः शिकवीन." आणि सही केली.

त्या सहीवर मी पुण्याला आले, आणि बारा वर्षं ती सही तशीच राहिली.

कोणी नाही म्हटलं नाही. पुण्यात तसं नाही म्हणतच नाहीत. आधी सासूबाईंचं आजारपण झालं, मग त्या गेल्या, मग मुलगी झाली, मग कर्वेनगरला फ्लॅट घेतला. मधल्या काळात माझ्या नवऱ्याने कॉम्प्युटरचा कोर्स केला. दोन वर्षं रोज संध्याकाळी क्लास. मी पोळ्या गरम ठेवायची. त्या कोर्ससाठी कुठल्याही कागदावर कुठलंही कलम लागलं नव्हतं. कोर्स संपला, त्यांनी सरकारी कचेरी सोडली आणि सॉफ्टवेअर कंपनीत लागले. घरात पेढे आले. मीही एक खाल्ला.

मी तोवर भोसरीच्या एका कारखान्यात होते. तिथे कंट्रोल पॅनेल बनायची. टेस्टिंगच्या बाकावर सुरुवात केली, तिथून स्टोअर्स, आणि मग खरेदी खात्यात, कारण मला भाव पाडता यायचा. तांब्याची वायर विकणारा एक म्हातारा मला बघून आपल्या माणसाला म्हणायचा, "मॅडम आल्या. चहा सांग, पण अर्धा. पूर्ण दिला तर त्यातही सूट मागतील." ही भाषा मला समजायची. मला कोणी शिकवून, हात धरून तिथवर नेलं नव्हतं. 'येऊन राहिले, करून राहिले' या माझ्या बोलण्यावर हसणारे लोक हळूहळू माझी सही मिळावी म्हणून बाकावर बसून राहू लागले.

मग परदेशी कंपनीशी भागीदारी झाली. नवे फॉर्म आले, त्यात पदवीचा रकाना होता. माझ्या त्या रकान्यात डिप्लोमा. माझ्या डोक्यावर एक चोवीस वर्षांचा डिग्रीवाला खरेदी अधिकारी म्हणून बसवला. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "मॅडम, रिले आणि कॉन्टॅक्टर, बेसिकली फरक काय असतो?" मी सांगितला; डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी शिकवतात तो. बसमध्ये मात्र दापोडीपासून घरापर्यंत दात आवळून बसले होते.

नोकरी करणाऱ्या डिप्लोमावाल्यांसाठी शहरातल्या एका कॉलेजात संध्याकाळची डिग्री होती. प्रवेशासाठी परीक्षा, आणि तिच्यात अर्धे मार्क गणिताला. डिप्लोमा होऊन मला चौदा वर्षं झाली होती. लॉग कशाशी खातात तेही आठवत नव्हतं. परीक्षेला चार महिने होते.

त्या संध्याकाळी मी कपाटातून याद काढली आणि सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली. ते गॅलरीत पेपर वाचत होते. चष्मा वर करून त्यांनी स्वतःचं अक्षर बराच वेळ बघितलं.

"मुदत संपली नाही वाटतं याची?"

"मुदत लिहिलीच नाही तुम्ही, बाबा."

"ते माझं चुकलं," ते म्हणाले. "पहाटे साडेपाचला. उशीर झाला तर दार बंद."

साडेपाच ते पावणेसात. त्यानंतर पाणी, डबे, मुलीची शाळा, माझी बस. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला ते, एका बाजूला मी, मध्ये वही आणि त्यांचं लाल पेन. पहिल्या दिवशी आमची घासाघीस झाली. ते म्हणाले, रोज वीस गणितं. मी म्हटलं, दहा. चौदावर सौदा ठरला. मी म्हटलं, डिटर्मिनंट्स ऑप्शनला टाकू, पेपरात चॉइस असतो. ते म्हणाले, "ही मंडई नाही. नासकी बाजूला काढून चांगली घ्यायला." मी मागच्या पानावरचं उत्तर बघून उलटं गणित जुळवायला लागले तर पुस्तक ओढून घेतलं. "घाई असेल तर उत्तर मागे आहेच. गणित पुढे आहे."

कॅल्क्युलेटरला हात लावू देत नसत. आकडेमोड तोंडी. त्यांना जुन्या पाढ्यांचं वेड होतं. पावकी, निमकी, पाउणकी, आणि साडेतीनपटीची ती औटकी. बे औट सात, त्रिक औट साडेदहा, चोक औट चौदा, असं ते पेपरची घडी घालतानासुद्धा पुटपुटायचे. मी म्हणायची, "बाबा, इंजिनिअरिंगला औटकी विचारत नाहीत." त्यावर ते म्हणायचे, "म्हणूनच पूल पडतात."

खोटं कशाला बोलू, ते दोन महिने माझे सगळ्यात चांगले दिवस होते. चौदा वर्षांचा गंज निघत होता. अपूर्णांक, मग बीजगणित, मग त्रिकोणमिती. एखादं गणित सुटलं की पोटात ऊब यायची, आणि ती दिवसभर कारखान्यात टिकायची. शिकवताना ते वेगळेच दिसायचे. खांदे सरळ व्हायचे. मला वाटायचं, या माणसाशी मी बारा वर्षं उगाच भांडले. भाजीत मीठ किती यावर आमची भांडणं झाली होती, आणि इकडे त्याच्याकडे हे एवढं होतं.

डिफरन्शिएशन संपून इंटिग्रेशन सुरू झालं तेव्हा फुल्या यायला लागल्या.

पहिल्यांदा मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा केलं, तेच उत्तर आलं. मागच्या पानावरही तेच. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "पायऱ्या बरोबर नाहीत." पायऱ्या तर त्यांनीच शिकवल्या होत्या. मग एक दिवस एक्स गुणिले कॉस एक्सचं इंटिग्रेशन होतं. माझं उत्तर आलं एक्स साइन एक्स अधिक कॉस एक्स. त्यांनी अधिकावर लाल फुली मारून वजा केलं.

"बाबा, इथे दोन वजा आहेत. एक सूत्रातला, एक साइनच्या इंटिग्रेशनचा. दोन वजांचं अधिक होतं."

"तुमच्या गावात होत असेल."

"तुम्ही उत्तराचं डिफरन्शिएशन करून बघा ना. उलटं केलं की कळेल."

"शिकवतंय कोण?" ते इतक्या जोरात म्हणाले की आतून मुलगी उठून आली. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आज बास."

त्या आठवड्यात दोनदा त्यांनी तब्येतीचं कारण सांगून शिकवणी बुडवली. एकदा म्हणाले, हा चाप्टर पुढच्या सोमवारी. सोमवारी म्हणाले, गुरुवारी. आणि एका संध्याकाळी माझ्या नवऱ्याने बूट काढता काढता म्हटलं, "अगं, बाबा म्हणत होते, यंदा घाई नको. पुढच्या वर्षी बस. तयारी नीट होईल."

खरेदी खात्यात मी एक गोष्ट शिकले होते. माल नसलेला माणूस आणि माल द्यायचा नसलेला माणूस, दोघं सारखेच वागतात. आधी तारखा देतात. मग तुमच्याच ऑर्डरमध्ये खोट काढतात. मग चिडतात. बाहेरून काही फरक कळत नाही. पण एवढ्या वर्षांत मी दर वेळी दुसरंच धरून चालले होते, की माल आहे, फक्त मला द्यायचा नाही. तसं धरून टेबलावर हात आपटला की बहुतेक वेळा माल निघायचा. माझं नाव त्यावरच झालं होतं.

घरीही मी तेच धरलं. सगळं जुळत होतं. सून संध्याकाळी कॉलेजात गेली तर स्वयंपाक कोणी करायचा? नातीचा अभ्यास कोणी घ्यायचा? उघड नाही म्हणता येत नाही, सही आहे. मग बरोबर उत्तरांवर फुल्या मारायच्या. महिनाभर मारल्या की ती स्वतःच म्हणेल, मला जमत नाही. कोणाचं नाव वाईट नको. अगदी पुणेरी पद्धत.

रविवार होता. पोहे झाले होते. नवरा पेपर वाचत होता, सासरे बशीतून चहा पीत होते. मी तीन वह्या आणून टेबलावर टाकल्या. बशी हिंदकळली.

"एकोणीस," मी म्हटलं. "एकोणीस बरोबर उत्तरांवर तुम्ही फुल्या मारल्यात. मी एकेक तपासलंय. मागचं पान लावून तपासलंय."

"अगं, सकाळी सकाळी..." नवरा म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका. बाबा, तुम्ही लिहून दिलं होतं. तेव्हा चारचौघांत वाहवा घेतलीत. आता द्यायची वेळ आली तर खोट काढताय? नाही द्यायचं तर तोंडावर सांगा. आमच्याकडे आठवडी बाजारात बसणारा माणूससुद्धा एवढं खोटं माप घालत नाही. आणि तुम्ही म्हणे चाळीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेत!"

मला अजून बरंच बोलायचं होतं आणि मी बोलले. सासूबाईंचं आजारपण काढलं, त्यांच्या मुलाचा कोर्स काढला. माझ्या भाषेवर बारा वर्षांत झालेले सगळे विनोद काढले. ते ऐकत होते. त्यांनी पहिली वही उघडली, लाल फुली असलेल्या पानावर बोट ठेवलं आणि त्या गणिताकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काय सबब सांगावी ते शोधताहेत.

मग वही मिटून ते म्हणाले, "ओळखलंस तू."

नवऱ्याने पेपर खाली केला.

"मला नव्हतंच शिकवायचं," सासरे म्हणाले. "बायकांनी संध्याकाळी घरात असावं, या मताचा मी आहे. तेव्हा चारचौघांत सही केली, ती चूक झाली."

एवढं बोलून ते उठले आणि आपल्या खोलीत गेले. चहा तसाच. मी जिंकले होते. आरोपी स्वतः कबूल झाला होता. आता कसं गार वाटायला हवं होतं. मी बशी उचलली, धुतली, आणि ओट्याशी उभी राहून रडले. रडले ते रागाने, हे सांगते. तेव्हा दुसरं काही कारण मला माहीत नव्हतं.

त्यानंतर बारा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढून द्यायची, नातीला सांगायची, आजोबांना जेवायला बोलाव. पहाटे साडेपाचला मात्र त्याच टेबलावर एकटी बसायची. त्यांच्या खोलीचा दिवा लागलेला दारातल्या फटीतून दिसायचा. मनात म्हणायची, जागा आहे, ऐकतोय, बघतोय मी कधी हरते ते.

तेराव्या दिवशी शनिवार होता, कारखान्याला सुट्टी. मी कपडे भिजवायला घेतले. कपडे भिजवण्याआधी खिसे उलटे करायची माझी सवय, कारण नवऱ्याच्या खिशात हमखास बसची तिकिटं निघायची. सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठ्या निघाल्या.

कॅलेंडरची जुनी पानं कात्रीने कापून त्यांच्या बोटाएवढ्या पट्ट्या केलेल्या. पाठकोऱ्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात सूत्रं. साइन टू थीटा बरोबर काय. इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पहिलं कुठलं घ्यायचं, दुसरं कुठलं. आठवी-नववीची मुलं परीक्षेत बाहीत लपवून नेतात ना, हुबेहूब तशा. या माणसाने चाळीस वर्षं अशा चिठ्ठ्या पकडल्या होत्या. कोण मुलगा कुठे लपवायचा याच्या गोष्टी तो जेवताना सांगायचा, एकाने भाकरीत घातली होती म्हणायचा, आणि आम्ही हसायचो.

मी मोरीत खाली बसून सगळ्या वाचल्या. दुसऱ्याही सदऱ्याच्या खिशात होत्या. एकीवर नुसतं लिहिलं होतं, "पहाटे ५.३०. सून. गणित. परीक्षा जूनमध्ये." एकीवर घराचा मजला आणि फ्लॅटचा नंबर. आणि एक चिठ्ठी घडी पडून पडून मऊ झाली होती. त्यावर लिहिलेलं:

"तिचे उत्तर आधी मागील पानावर पाहावे. मगच लाल पेन. तिचे बहुधा बरोबर असते. ओरडू नये."

त्याखाली 'ओरडू नये' पुन्हा एकदा, दोन रेघांनी अधोरेखित.

म्हणजे माल नव्हता. माणूस द्यायला तयार होता, पहाटे उठून स्वतः आधी अभ्यास करत होता, आणि गोदाम रिकामं होत होतं. हे घरात कोणालाही कळू नये म्हणून त्याने माझा आरोप अंगावर घेतला. हलकट म्हणवून घेणं त्याला चाललं, पण गणित येत नाही हे कोणी म्हटलेलं चाललं नाही. आणि माझ्याएवढी हुशार बाई, जी पावशेर वायर कमी भरली तर तारेवरून बोट फिरवून ओळखायची, तिला हे तीन वह्यांत दिसलं नाही.

मी चिठ्ठ्या वाळल्या सदऱ्याच्या खिशात जशाच्या तशा ठेवल्या. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? कदाचित. पण बाबांच्या त्या कबुलीनंतर नवऱ्याचा चेहरा किती सैल झाला होता ते मला आठवत होतं. घरातला प्रश्न परस्पर मिटला होता. त्या चेहऱ्याला मला काही द्यायचं नव्हतं. अजूनही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या दारावर टकटक केलं.

"भांडण संपलं तुझं?" त्यांनी आतून विचारलं.

"नाही. पेपर जवळ आलाय."

ते येऊन बसले. मी गणित सोडवलं आणि वही त्यांच्याकडे सरकवण्याआधी पानाच्या कोपऱ्यात, त्यांच्या डाव्या हाताशी, बारीक पेन्सिलीने उत्तर लिहून ठेवलं. त्यांची नजर कोपऱ्यावर गेली. मग माझ्याकडे. मी पट्टी शोधण्याचं नाटक केलं. त्यांनी लाल पेन उचललं आणि बरोबरची खूण केली, मोठी, पानभर शेपूट काढून.

परीक्षेपर्यंत आम्ही रोज तसंच केलं. पायऱ्या मी रात्री शेजारच्या इमारतीतल्या एका कॉलेजच्या मुलीकडून समजून घ्यायची आणि पहाटे त्यांच्यापुढे अशा मांडायची, की जणू त्यांनी विचारलं म्हणून मला सुचलं. कधी ते एकदम पूर्वीसारखे व्हायचे, एखादं गणित तीन वेगळ्या रीतींनी करून दाखवायचे, आणि मी मनात म्हणायची, चूक झाली माझी समजण्यात, काही झालेलं नाही यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विचारायचे, "आज कुठला विषय घेऊन आलीस?"

त्या चिठ्ठ्यांबद्दल आम्ही अवाक्षर काढलं नाही. मी माफीही मागितली नाही. मागायची तर मला कळलंय हे सांगावं लागलं असतं. मी ठरवलं, प्रवेश मिळू दे, मग पेढा हातावर ठेवताना मागू.

प्रवेश मिळाला. पेढा ठेवला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले आणि सासरे त्यांना सांगू लागले, "मी शिकवलं. चार महिन्यांत. चौदा वर्षांचा खंड होता हो!" त्यांचे खांदे सरळ झाले होते. आज नको, असं मी म्हटलं. पुढच्या रविवारी.

कॉलेज सुरू झालं. कारखान्यातून थेट जायचं, साडेनऊला घरी. वर्गात माझ्याहून मोठे दोघंच होते, बाकी सगळी तरुण मुलं. पहिल्या चाचणीत गणितात मी वर्गात तिसरी आले. तो कागद मी घरी आणला तेव्हा सासऱ्यांनी तो उलटा धरून वाचला.

मग ते संध्याकाळी बाहेर पडायला लागले. एकदा, निवृत्त होऊन वर्षं झालेली असताना, शाळेत तास आहे म्हणून निघाले आणि नळ स्टॉपजवळ सापडले. एकदा मुलगी एकटी घरात आणि गॅस चालू. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, यांना एकटं ठेवू नका, विशेषतः संध्याकाळी.

मी नवऱ्याशी बोलायला बसले. अगदी शांतपणे. म्हटलं, आठवड्यातले तीन दिवस तुम्ही लवकर या, तीन दिवस मी वर्ग बुडवते. तीन-तीन.

ते म्हणाले, "दोन हजार सालासाठी कॉम्प्युटरच्या तारखा बदलायचं काम चाललंय. क्लायंट अमेरिकेत. संध्याकाळीच कॉल असतात."

"दोन दिवस."

"अगं, तुला कळत नाहीये."

"एक दिवस. शनिवार. शनिवारी गणिताचा तास असतो."

"बाबा माझे आहेत, मला काय वाटत नसेल का?" ते म्हणाले. "पण तुझं शिक्षण काय, थांबू शकतं."

आयुष्यात मी कोणासमोर एवढी खाली आले नव्हते, सहापैकी एकावर, आणि त्या एकालाही नाही. बाबा त्यांचे होते. कंपनीत कोणीही त्यांना विचारलं नाही की संध्याकाळी तुमच्या वडिलांजवळ कोण बसतं. माझ्या कॉलेजात मात्र सगळ्यांनी मलाच विचारलं, आता कसं करणार? पहिल्या सत्राची परीक्षा व्हायच्या आत मी नाव काढून घेतलं. ऑफिसमधल्या बाईने कारण विचारलं. मी म्हटलं, घरगुती. तिने तेच लिहिलं.

नंतर लोक म्हणत, सासरे गेल्यावर का नाही गेलीस पुन्हा? गेले नाही. वही उघडली की कोपऱ्यात पेन्सिल जायची.

माफीचं राहिलं होतं. कॉलेज सुटल्यावर माझ्याकडे संध्याकाळच संध्याकाळ होती. आम्ही दोघं गॅलरीत बसायचो. ते मला आता ओळखत नसत. कधी मी त्यांच्या शाळेतली शिक्षिका असायची, बहुतेक वेळा कुठल्यातरी मुलाची आई, आणि ते मला 'आपण' म्हणायचे. औटकी मात्र शाबूत होती. एकदा मी धीर करून म्हटलं, "बाबा, त्या रविवारी मी तुम्हाला खोटं ठरवलं. मला माफ करा."

"असू द्या हो," ते म्हणाले. "होतं असं पालकांच्या हातून."

हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्यांनी माफ केलं ते कुणाला तरी दुसऱ्याला. म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. ते हसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ऑफिसमध्ये जाऊन भेटा. मी मागतच राहिले. मला एक दिवस हवा होता, एकच, ज्या दिवशी ते मला ओळखतील आणि मी नेमकी तेव्हाच बोलत असेन. इतक्या वेळा विचारलं तर कधीतरी जुळेल, असा माझा अंदाज होता.

एका संध्याकाळी मी सगळं सविस्तर सांगितलं. वह्या, फुल्या, पोह्यांची बशी, एकोणीसचा आकडा. त्यांना काय काय बोलले तेही. खोटं माप म्हणाले तेही. ते पुढे झुकून ऐकत होते आणि मला वाटलं, आज आहेत. आज इथेच आहेत.

"असं म्हणाली?" ते म्हणाले. "माझ्या तपासण्याला खोटं माप म्हणाली?" आणि ते रडू लागले. आत्ताच, याच क्षणी कोणीतरी येऊन तोंडावर बोलून गेल्यासारखे. त्या रविवारी ते रडले नव्हते. तेव्हा सांभाळायला त्यांच्याजवळ काहीतरी होतं.

मी त्यांचे हात धरले. म्हटलं, जुनी गोष्ट आहे, बाबा, झाली कधीच.

"पण कोण म्हणालं?"

मला 'मी' म्हणवेना. "होती एक," मी म्हटलं. "तुमच्याकडे शिकायला यायची."

त्यांनी बाहीने डोळे पुसले. मग शिक्षक विचारतो तसं विचारलं, "गणित कसं होतं तिचं?"

"चांगलं होतं."

"मग माझंच चुकलं असेल," ते म्हणाले.

त्यानंतर मी माफी मागितली नाही.